आजीला हिरवा ठिपका वाचता येतो

मागच्या महिन्यात आमच्या घरात मोठं भांडण झालं. कारण होतं वेफर्सचं पाच रुपयांचं पाकीट.

तर झालं असं. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. दाढ दुखते म्हणून रात्रभर रडला. सकाळी त्याला इथल्याच एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाले, "चार दात किडलेत. त्यातल्या दोन दाढांना रूट कॅनॉल लागेल." दुधाच्या दातांना रूट कॅनॉल! मी म्हटलं, "पडणारच आहेत ना, काढून टाका." तर म्हणाले, "या दाढा पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत. आत्ता काढल्या तर खालून येणाऱ्या दातांची जागा जाते."

मग त्यांनी विचारलं, दिवसभरात काय काय खातो? बायको सांगायला लागली, पोळी-भाजी, वरण-भात, दूध. मुलगाच मध्ये बोलला, "आणि आजी मला रोज क्रीमवालं बिस्किट देते. आणि ज्यूस. आणि वेफर्स."

गाडीत बायको एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी मी चाकणहून शिफ्ट संपवून घरी आलो, तर चिरंजीव सोफ्यावर बसून वेफर्स खातायत. तोंडाची ती अवस्था असताना! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आई, अगं आज डॉक्टरांनी काय सांगितलं? तुला कळत नाही का?"

आई शांतपणे म्हणाली, "लेकरू दुपारपासून उपाशी होतं. दाढ दुखतीया म्हणून पोळी खाईना. मऊ काहीतरी द्यावं म्हणलं." मग जरा थांबून, "कळत नसंल मला. मग मी गावाकडं जाते. तुमचं लेकरू तुम्ही सांभाळा."

आणि खरंच पिशवी भरायला घेतली.

हे घरगुती गाऱ्हाणं इथे का लिहितोय? कारण हा वाद फक्त आमच्या घरातला नाहीये. वाकड १९९७ मध्ये महापालिकेत आलं, तोवर गावच होतं. आज कस्पटे वस्तीपासून भूमकर चौकापर्यंत नुसते टॉवर आहेत. त्या टॉवरांत राहणारे आपण बहुतेक बाहेरून आलेले. कोणी लातूरचं, कोणी जळगावचं, कोणी यवतमाळचं. नवरा-बायको दोघंही हिंजवडीला नाहीतर चाकणला कामाला. मग मूल सांभाळायला गावाकडून आई-वडील आणले जातात. संध्याकाळी सोसायटीच्या बाकांवर बघा, निम्मी गर्दी आजी-आजोबांची असते. आणि निम्म्या पोरांच्या हातात पाकीट असतं.

मग घरोघरी तेच. सून म्हणते, "आई, त्याला बाहेरचं देऊ नका हो." सासू म्हणते, "आमची पोरं काय अशीच वाढली का?" मुलगा मध्ये पडत नाही, मोबाईल काढतो. मीही सहा वर्षं हेच करत आलोय.

आता आधी आईची बाजू सांगतो, कारण ती मला स्वतःला उशिरा कळली.

आई परंडा तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. तिच्या आईबरोबर खडीच्या कामावर जायची. तिथे मिळायची ती सुकडी, आणि रेशनवरची ती लाल मिलो. मिलोच्या भाकरीची चव कशी होती विचारलं तर आजही तोंड वाकडं करते. पण सुकडीची चव विचारली की हसते, कारण ती गोड होती. त्या पिढीच्या लेखी गोड आणि तेलकट म्हणजे सुबत्ता. पोराच्या हाताला चार माणसांत तेलकट वास आला, म्हणजे घर बरं चाललंय.

अशा बाईला आपण सांगतो, नातवाला देऊ नकोस. तिच्या कानाला ते कसं लागत असेल?

दुसरी गोष्ट. गावात तिचा शब्द चालायचा. शेत, दोन म्हशी, भाजीपाल्याचा पैसा तिच्या हातात. इथे चौदाव्या मजल्यावर तिचं काय आहे? स्वयंपाकाला बाई येते. शेजारच्या दारात हिंदी, समोरच्या दारात तेलुगू. टीव्हीचा रिमोटसुद्धा पोरांकडे. दिवसभरात तिच्या हाताने कोणाचा चेहरा फुलत असेल तर तो नातवाचा, आणि तोही खाली दुकानात नेल्यावर. तो खाऊ बंद करा म्हणणं म्हणजे तिच्याकडचं शेवटचं चलन काढून घेणं.

हे सगळं मान्य. तरीसुद्धा या वादात आई चूक आहे, असंच माझं मत आहे. का ते सांगतो.

आईचा मुख्य मुद्दा असा, "लेकरू काय जाड आहे का? हाडं दिसत्यात. खाऊ दे की." हा मुद्दा मलाही पटायचा. पण नेमका हाच मुद्दा खोडणारं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या. म्हणजे आपली बारीक. पण त्या बारीक अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. वरून किडकिडीत, आतून चरबी.

याच याज्ञिकांचा एक फोटो डॉक्टरमंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. शेजारी लंडनचे डॉ. युडकिन उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघंही दिसायला सडपातळच.

म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी उपासमार काढली, त्यांच्या पोरांना साखर आणि तेल जास्त जपून द्यायला हवं. आई ज्या कारणासाठी खाऊ घालते, तेच कारण न घालण्याचंही आहे. हे तिला समजावणं सोपं नाही. मलाच समजायला वेळ लागला.

आपल्या राज्याचे आकडेही दोन तोंडांनी बोलतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. त्याच वयाच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या पाहणीत १.९ टक्के होतं, ते ४.१ झालं. एकीकडे पोषण नाही, दुसरीकडे नुसत्या कॅलरी. पाकिटातल्या खाऊने पोट भरतं, भूक मरते, आणि मग ताटातली डाळ तशीच राहते. आमच्या घरी तर रोज संध्याकाळी हेच चालायचं.

आजी-आजोबांबद्दल हे फक्त आपल्याकडे नाही. चीनमध्ये ग्वांगझू आणि हेची या शहरांतल्या मुलांचा अभ्यास बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ मध्ये मांडला. ज्या मुलांना मुख्यतः आजी-आजोबा सांभाळतात, त्यांच्यात जादा वजनाची शक्यता साधारण दुप्पट दिसली. तिथल्या आजी-आजोबांनीही तरुणपणी भूक पाहिलेली. गुटगुटीत पोर म्हणजे निरोगी पोर, हा त्यांचाही विश्वास. वाचताना वाटलं, हे तर आमच्या सोसायटीतलं बाकडं.

इथवर वाचून सगळ्या सुना खूश झाल्या असतील. थांबा.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी आईने मला एकच प्रश्न विचारला, "मी पाच रुपयांचं देते ते दिसलं. रविवारी तो पोरगा दारात खोके आणून देतो, ते काय असतं?"

मी मोबाईलवरच्या ऑर्डरी मोजल्या. एका महिन्यात अकरा वेळा बाहेरून मागवलं होतं. पिझ्झा, नूडल्स, केक, कोल्ड्रिंक. एकही ऑर्डर आईची नाही. तिला ते ॲप उघडतासुद्धा येत नाही. दोन वर्षांपूर्वी पोराला झोपताना चॉकलेटचं दूध द्यायची सवय कोणी लावली? मीच. दमून आलेलो असायचो, तो गप्प बसायचा. आमचं ते 'वीकेंड', आणि आईचं ते 'जंक फूड'. हा दुटप्पीपणा आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. पाळणाघराचे महिन्याचे पैसे वाचवतो, आई-वडिलांना बिनपगारी राबवतो, आणि वर त्यांनाच आहारशास्त्र शिकवतो.

मग मी ठरवलं, रागवायचं नाही, दाखवायचं. ओट्यावर क्रीमच्या बिस्किटांचा पुडा ठेवला आणि आईला विचारलं, "हा तू कसा निवडतेस?"

आईने पुडा उलटापालटा केला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो हिरवा ठिपका बघते. ठिपका हिरवा म्हणजे चांगलं."

मी गप्पच झालो. आई चौथी पास. मराठी नीट वाचते, पोथी वाचते, बसची पाटी वाचते. पण त्या पुड्यावर तिला वाचता येईल असं एकच होतं, ते म्हणजे तो ठिपका. बाकी सगळं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. ठिपका सांगतो की आत मांस नाही. आईने त्याचा अर्थ लावला की आत वाईट काही नाही. यात तिची काय चूक?

मग मागची बारीक अक्षरं मी वाचून दाखवली. शंभर ग्रॅममध्ये साखर तीस ग्रॅमच्या वर. एका वाटीत चमच्याने साखर काढली. एक, दोन, तीन... सात चमचे झाले. आई बघत राहिली. मी चहात दोन चमचे घातले तरी ओरडणारी बाई ती. म्हणाली, "एवढी?" मग लगेच म्हणाली, "पण शिऱ्यात मी पण घालतेच की."

बरोबर आहे. घरचं म्हणून शिरा काही औषध होत नाही. पण शिऱ्यात किती घातली ते तिला माहीत असतं. आज जास्त झाली तर उद्या ती हात आखडते. पुड्यातली तिला दिसतच नाही, तर आखडणार कुठून?

इथून हा प्रश्न आमच्या घराबाहेर जातो.

आपल्या देशात पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी असा नियम आहे. मराठी दिली तर चालते, पण सक्ती नाही. आमच्या घरातल्या डब्यांत, पुड्यांत शोधलं. मराठीत साखर किती ते सांगणारा एकही सापडला नाही. जाहिरात मात्र झकास मराठीत असते. विकताना मराठी येते, सांगताना येत नाही.

आणि फसतात त्या फक्त चौथी पास आज्या नाहीत. वर्षानुवर्षं आपण पोरांना बोर्नव्हिटा 'शक्ती देणारं' म्हणून दिलं. २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने त्यातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, त्याने तो काढून टाकला. पण चर्चा थांबली नाही. वर्षाच्या शेवटी कंपनीने साखर कमी केली. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. इंजिनिअर आई-बापांना जे कळलं नाही, ते आजीला कळायला हवं होतं, ही अपेक्षा कुठली?

उपाय जगात आहे. चिलीने २०१६ मध्ये पाकिटांच्या पुढच्या बाजूला काळे अष्टकोनी शिक्के लावले. साखर जास्त, मीठ जास्त, चरबी जास्त. शिक्का बघायचा, पाकीट ठेवून द्यायचं. आपल्याकडे एफएसएसएआयने २०२२ मध्ये शिक्क्याऐवजी तारे देण्याचा प्रस्ताव आणला. हॉटेलला देतात तसे अर्धा ते पाच. म्हणजे साखरेने भरलेल्या पुड्यालाही एखादा तारा मिळणार. आई तारा बघून काय समजेल? "तारा आहे म्हणजे चांगलं." ठिपक्याचीच कथा परत. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या विषयावर तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हणून सांगितलं. नंतर मुदत वाढली. मी ज्या दुकानातून सामान आणतो, तिथल्या पाकिटांवर अजून तरी तसलं काही दिसलेलं नाही.

नियम नाहीत असं नाही. राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळेच्या कॅन्टीनमधून जंक फूड काढायला सांगितलं. २०२० च्या केंद्रीय नियमानुसार शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असले पदार्थ विकता येत नाहीत. तुमच्या पोरांच्या शाळेबाहेर एकदा पावलं मोजून बघा. मी एका फाटकापासून मोजली, बावीस पावलांवर पाकिटांच्या माळा लटकत होत्या. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, चांगलंच केलं. पण फलक शाळेच्या आत, आणि पोराला न्यायला आलेली आजी फाटकाबाहेर.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. बिस्किटं, चॉकलेटं अठरा टक्क्यांवरून पाचवर. पाकिटातलं नमकीन बारावरून पाचवर. गोड सोड्याला मात्र चाळीस टक्के. म्हणजे साखरेचा त्रास सरकारला कळतो, फक्त ती बाटलीत असेल तरच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठा काळा शिक्का हवा, आणि महाराष्ट्रात विकायचं असेल तर त्यावर मराठीत दोनच शब्द, 'साखर जास्त'. हिरवा ठिपका या देशातल्या प्रत्येक आजीला वाचता येतो. काळाही येईल. महिनाभरात शिकेल ती. न शिकायला ती काही अडाणी नाही.

तोपर्यंत घरात काय करायचं? आमच्याकडे तोडगा आईनेच काढला. पिशवी अजून भरलेलीच होती, पण बोलायला लागली होती. म्हणाली, "आमच्यात खाऊ बाजाराच्या दिवशीच असायचा. शेव, गोडीशेव, रेवड्या. आठवडाभर वाट बघायची. रोज मिळाला तर त्याला खाऊ कशाला म्हणायचं?"

तर आता आमचा बाजार रविवारी. खाऊ आजीच आणणार, पैसे तिच्याच हातात, नातवाचा हात धरून तीच खाली जाणार. काय घ्यायचं ते ते दोघं ठरवतात, आम्ही बोलायचं नाही. बाकीच्या दिवशी संध्याकाळी ती भाजलेले शेंगदाणे-गूळ, लाह्या, थालीपीठ, केळं असं देते. चार ते सहा स्वयंपाकघर तिचं, त्या वेळेत स्वयंपाकाची बाई येत नाही. आणि आमच्यासाठी तिने अट घातली, दारात खोकं महिन्यातून दोनदाच. तिसरं आलं तर रविवारचा नियम रद्द.

सगळं सुरळीत चाललंय असं नाही. गेल्या बुधवारी पोराच्या उशीखाली चॉकलेटचा कागद सापडला. आईला विचारलं तर म्हणाली, "वाढदिवस होता कुणाचा तरी." कुणाचा ते मी विचारलं नाही. आमचं दुसरं खोकंही या महिन्यात दहा तारखेलाच संपलंय.

रूट कॅनॉल झालं. खुर्चीत बसल्यावर पोराने आईचा हात मागितला नाही, माझाही नाही. आजीचाच मागितला. ती तासभर उभी होती. त्या हाताला पोरापासून लांब ठेवून हा प्रश्न सुटणार नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या घरी काय चालतं? सुनांनी लिहा, मुलग्यांनी तर नक्कीच लिहा. आणि घरातल्या आजी-आजोबांना हे मोठ्याने वाचून दाखवा. ते काय म्हणतात तेही लिहा. ते जास्त महत्त्वाचं आहे.